शिवाप्पा मगदूमचा शब्द

“हात खाली घे!” मी डाव्या कोपऱ्यातून ओरडलो. “शिवाण्णा, हात खाली घे की!”

पण शिवाप्पा मगदूमनं हात वर केला म्हणजे केला. समोरचा चढाईवाला माघारी निघाला होता, पंचाचं लक्ष मध्यरेषेवर होतं, आणि जाता जाता आपलं बोट कुणाच्या दंडाला लागलं हे त्या चढाईवाल्याला स्वतःलाही कळलं नव्हतं. आणि हा बाबा उजवा हात डोक्यावर धरून, लंगडत, आपणहून मैदानाबाहेर चालला होता. स्पर्धेचा उपांत्य सामना, सहा मिनिटं बाकी, आणि आम्ही जेमतेम दोन गुणांनी पुढं. मला असा संताप आला की पुढच्या चढाईवाल्याचा घोटा मी गरजेपेक्षा दुप्पट जोरानं आवळला. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

तो सामना आम्ही एका गुणानं काढला. बाहेर आल्यावर मी शिवाप्पाशी बोललोच नाही. तो मात्र सोड्याची बाटली घेऊन माझ्या शेजारी येऊन बसला, पाय लांब केला आणि गुडघा चोळायला लागला.

“रागावलास?”

“रागावू नको तर काय आरती करू तुझी? कुनी बघितलं हुतं?”

“मी बघितलं हुतं की.”

बारा वर्षं हा माणूस हेच उत्तर देत होता.

ही गोष्ट एकाहत्तर सालची, इचलकरंजीतली. आमचं मंडळ मागवाल्यांचं. दिवसभर यंत्रमागावर उभं राहायचं, पाळी सुटली की कबड्डी. जुन्या लोकांच्या खेळात रिवाज असा होता, की चढाईवाल्याचा स्पर्श झाला तर ज्याला झाला त्यानं स्वतः हात वर करून बाहेर जायचं. पंच नावालाच. पुढं शिट्ट्या आल्या, गुणलेखक आले, जिंकणाऱ्याला नोकऱ्या मिळायला लागल्या, आणि लोक शहाणे झाले. पंचाला दिसलं तर बाद, नाही तर नाही. शहाणा झाला नाही तो एकटा आमचा कप्तान. त्याचा इतका लौकिक झाला होता की वाद पडला तर पंच सरळ त्यालाच विचारायचे, मग स्पर्श आमच्या बाजूचा असो की त्यांच्या. आमचे विरोधीसुद्धा म्हणायचे, मगदूम सांगेल ते मान्य.

लौकिक झाला, पण पदरात काय पडलं? चौसष्ट साली महाराष्ट्राच्या निवड चाचणीत अर्ध्या डावात तीनदा हात वर करून हा बाहेर बसला. निवड समितीनं बाहेर बसलेल्या माणसाला बघायचं तरी काय? सहासष्ट साली पुन्हा तेच, फक्त या वेळी दोनदा. अडुसष्टला नाव यादीत लागलं, जायच्या आदल्या आठवड्यात सरावात गुडघा फिरला. असा चढाईवाला मी नंतर कुठं पाहिला नाही. मी पुढं अकरा वर्षं मुंबईत खेळलो, दोनदा महाराष्ट्राचा शर्ट अंगात घातला, भलेभले पाहिले, म्हणून सांगतो. शिवाप्पा पाच जणांच्या गराड्यात शिरायचा आणि पाण्यातून मासा निघावा तसा निघून यायचा. असा माणूस तिसाव्या वर्षी, सुजलेला गुडघा घेऊन, दिवसाचे बारा तास चार मागांमध्ये उभा होता. मी त्याच्या शेजारच्या मागांवर. मी बावीस वर्षांचा, त्याच्या हाताखाली तयार झालेला कोपरा, म्हणजे कडेचा पकडवाला. घोटा कसा धरायचा हे त्यानं मला मागांच्या मधल्या बोळात, स्वतःचा घोटा देऊन शिकवलं होतं.

आम्ही सोडा पीत बसलो असताना आमचे सेक्रेटरी बापू लाटकर धावत आले. बापूंचं मंडईजवळ सायकलचं दुकान, पण जीव सगळा मंडळात.

“केरबा, शिवाप्पा, ऐका! मुंबईस्नं कंपनीचा साहेब आलाय. चिटणीस आडनावाचा. कंपनीचा संघ बांधाय लागलेत. एक चढाईवाला पायजे आनि एक डावा कोपरा. पगार, रजा, राहायला खोली, सगळं पक्कं. तुमा दोघांचं नाव त्यानं आपल्या तोंडानं काढलं!”

“माझा गुडगा बघितला न्हवं त्यानं?” शिवाप्पा म्हणाला.

“बघितला. म्हनाला, दोन वर्सं खेळला तरी बास. मग हाफिसात बसंल, खेळाडूला कंपनी सोडत न्हाई.” बापूंनी आवाज खाली घेतला. “पर एक हाय. उद्याची फायनल जिंकाय पायजे. साहेब म्हनतोय, विजेत्या संघातली मानसं असं कागदावर लिवता आलं पायजे, न्हाईतर वर कुनी सही करनार न्हाई.”

शिवाप्पानं बाटली तोंडाला लावली आणि ती रिकामी आहे हे त्याला घोट घेताना कळलं. तेवढ्यावरून मी ओळखलं. इतक्या वर्षांत त्यानं कशाची आशा धरलेली मी पाहिली नव्हती.

घरी जाताना मी त्याला चौकात अडवलं. “शिवाण्णा, उद्या एक दिवस. फकस्त उद्या. तुझा हात खाली ठेव.”

“आनि लागलं तर?”

“पंचाला पगार कशाचा मिळतो? त्याला बघू दे की!”

तो हसला. “बरं, बघू,” म्हणाला. त्याच्या ‘बघू’चा अर्थ मला पाठ होता. मी रात्रभर चडफडत पडलो. खरं सांगतो, मला माझ्या नोकरीचं एवढं नव्हतं. मी बावीस वर्षांचा होतो, मला आणखी दहा साहेब भेटले असते. पण शिवाप्पाला? त्या गुडघ्यावर आणखी किती दिवस तो मागावर उभा राहणार होता? त्याच्या बायकोनं एकदा मला विचारलं होतं, “भावजी, मुंबईतली लोकं ह्यास्नी वळकत्यात म्हनं, खरं काय?” मी हो म्हणालो होतो. ओळखत होतेच. नुसते ओळखतच होते.

शुक्रवारी माग बंद असतात. सगळं गाव मैदानावर. माझे वडील, तात्या, पहिल्या रांगेत, धुतलेलं धोतर नेसून. चिटणीस साहेब खुर्चीवर, शेजारी बापू, ताठ बसलेले. सरपंच होते इनामदार मास्तर. आमच्या खेळात मुख्य पंचाला सरपंच म्हणतात. मास्तर शाळेत इतिहास शिकवायचे आणि मैदानावरही तसेच वागायचे, म्हणजे झालेलं सगळं लिहून ठेवायचे.

समोरचा संघ नदीकाठचा. त्यांच्यात यादव नावाचा एक उंच चढाईवाला होता, पायानं स्पर्श करण्यात तरबेज. मध्यांतराला आम्ही चार गुणांनी पुढं होतो. शिवाप्पानं त्या दिवशी दैवी खेळ केला. एका चढाईत तिघांना शिवून आला तेव्हा साहेब खुर्चीतून उठून उभा राहिला. मला वाटलं, झालं, मिळवली यानं! आणि नवलाची गोष्ट म्हणजे हात वर करायची पाळी त्याच्यावर एकदाही आली नाही. देवानंच त्या दिवशी त्याला सांभाळून घेतलं असं मी मनात म्हणालो.

पण शेवटच्या पाच मिनिटांत आमची माणसं भराभर गेली. एक रेषेवर पाय पडून, तीन त्या यादवच्या लाथेनं. मग उरलेल्यांत शिवाप्पा चढाईला गेला आणि वळताना त्याचा गुडघा गेला. नुसता बसला खाली. सहा जण त्याच्यावर पडले, पण पडायचीही गरज नव्हती. तो उठला, बाद होऊन आमच्या मागच्या रेषेबाहेर, बसायच्या जागेवर जाऊन बसला. पुढच्या चढाईत आमचा मधला गेला. आता मैदानावर मी एकटा. आमच्या पाळीची चढाई मी कुणाला न शिवता, नुसता वेळ काढत करून आलो. आम्ही सत्तावीस, ते सव्वीस. मिनिटभरही उरलं नव्हतं. मी बाद झालो तर त्यांना माझा एक गुण आणि सगळा संघ बाद झाल्याचे, म्हणजे ‘लोण’चे, दोन. ते जिंकले. मी वाचलो तर आम्ही.

यादव आला. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. मी मागं सरत सरत कोपऱ्यात गेलो. पकडायचा विचारच नव्हता, वाचलो की पुरे. तो उजवीकडं झुकला, मी डावीकडं उडी घेतली, आणि त्यानं पाठ फिरवून मागच्या मागं लाथ टाकली. त्याच्या अंगठ्याचं नख माझ्या डाव्या पोटरीवरून खसकन गेलं.

तो पळत मध्यरेषा ओलांडून गेला. शिट्टी झाली, वेळ संपली. यादवनं हात वर करून गुण मागितला. “शिवला! पोटरीला शिवला!”

माझ्या बाजूचा पंच मध्यरेषेकडं बघत होता. पलीकडच्याला माझ्या अंगाआड काही दिसलं नव्हतं. दोघांनी मान हलवली. मी वाकलो, मूठभर माती उचलली आणि हात चोळले, पाय चोळले, पोटरी चोळली. खेळाडू चोळतात तशीच. नखाचा ओरखडा उठला होता, मातीखाली गेला. मला शिवाप्पाचा गुडघा दिसत होता, त्याची बायको दिसत होती, साहेबाची खुर्ची दिसत होती. शपथेवर सांगतो, माझं स्वतःचं काहीच दिसत नव्हतं.

मैदानात गोंधळ माजला. इनामदार मास्तर आत आले. त्यांनी मला काही विचारलं नाही. ते सरळ मागच्या रेषेकडं चालायला लागले आणि मला घाम फुटला. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! ज्या कोपऱ्यात मी पाठ करून उभा होतो, त्याच्या मागं चार हातांवर शिवाप्पा बसला होता.

“मगदूम,” मास्तर म्हणाले, “तुमच्या डोळ्यासमोर झालंय. तुम्ही सांगा, मी तेच लिहितो.”

समोरचा कप्तान म्हणाला, “शिवाप्पा सांगंल ते आमाला मान्य.”

शिवाप्पा उठला. एका पायावर भार देत रेषेपाशी आला. त्यानं मास्तरांकडं पाहिलं नाही, साहेबाकडंही नाही. माझ्याकडं पाहिलं.

“केरबा, लागला काय रं?”

मला वाटलं, एवढं तरी याला समजावं. मी डोळ्यांनी सांगत होतो, बाबा, एकदा, फक्त एकदा.

“न्हाई,” मी म्हणालो.

“न्हाई म्हनतोय त्यो,” शिवाप्पा मास्तरांना म्हणाला.

“तो काय म्हणतोय ते मी ऐकलं. तुम्ही काय म्हणता?”

शिवाप्पानं ओठावरची माती पुसली. पुष्कळ वेळ पुसली.

“न्हाई लागला,” तो म्हणाला.

मास्तरांनी वहीत लिहिलं. समोरचा यादव क्षणभर उभा राहिला, मग खाली आपल्या अंगठ्याकडं बघत म्हणाला, “मग न्हाईच लागला असंल. मला आपला भास झाला.” आणि येऊन त्यानं माझ्याशी हात मिळवला.

मग काय, लोकांनी मला उचललं. गुलाल, हलगी, बापू लाटकर रडतायत, तात्या धोतराचा सोगा हातात धरून नाचतायत. मी वरून शिवाप्पाला शोधत होतो. एवढा आनंदाचा दिवस, आणि हा गेला कुठं? बक्षीस घ्यायला कप्तानाचं नाव पुकारलं तेव्हा बापूंनी ढाल घेतली. साहेबानं दोन पत्रं दिली, एक माझ्या नावाचं, एक शिवाप्पाच्या. मंगळवारी मुंबईत हजर व्हायचं. मी दोन्ही खिशात घातली आणि त्याच्या घरी गेलो. दार लावलेलं होतं. वहिनी आतूनच म्हणाली, “झोपल्यात. गुडगा लई दुखतोय.”

शनिवारी सकाळी सातच्या पाळीला मी गेलो तर शिवाप्पा मागावर हजर. मला हसू आलं. नोकरीचं पत्र आलेला माणूस सुताच्या कांड्या भरत उभा!

“आरं, ह्ये सोड आता!” मी पत्र त्याच्यापुढं धरलं. “मंगळवारी हजर व्हायचंय. सोमवारी सकाळची गाडी.”

त्यानं मागाच्या धोट्यात कांडी बसवली. पत्र घेतलं नाही.

“मी न्हाई जानार.”

“का? गुडगा? साहेबाला चालतंय म्हनलेत बापू.”

“गुडग्याचं न्हाई.”

“मग कशाचं?”

“तुला ठावं न्हाई?”

मी तसंच रेटलं. “काय ठावं न्हाई? नीट बोल की!”

“पोटरी दाव.”

मी दाखवली नाही. तो म्हणाला, “लाथ बसली ती मला दिसली. वाटलं, माझी नजर चुकली असंल. मग तू वाकून माती चोळलीस. तवा कळलं, नजर चुकली न्हाई.”

“मग मास्तरास्नी न्हाई का म्हनालास?” मी जवळजवळ किंचाळलो. “खरं सांगायचं हुतंस! बारा वर्सं सांगत आलायस!”

“तू न्हाई म्हनला हुतास. तात्या समोर बसलेले. सगळं गाव बसलेलं. एवढ्या लोकांत तुला खोटा पाडू? हाताखाली वाढवलेलं पोरगं तू माझं.” तो थांबला. “तुला वाचवाय खोटं बोललो. बोललो ते बोललो. पर त्याच्यावर नोकरी न्हाई घ्यायची मला.”

“आरं, मी माझ्यासाठी केलं न्हाई! तुझ्यासाठी केलं!” माझा आवाज फुटला. किती वर्षांचा राग होता तो. त्याच्या हात वर करण्याचा, चौसष्टचा, सहासष्टचा, त्या गुडघ्याचा, सगळ्याचा. “तुझ्यासाठी खोटं बोललो मी, शिवाण्णा! तुझं भलं व्हावं म्हनून! मला काय, मी बावीसचा, मला छप्पन साहेब भेटतील. तुला कोन भेटनार हाय आता?”

“माझ्यासाठी केलंस?”

“आईशपथ!”

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं. राग नव्हता त्याच्या तोंडावर. शेजारच्याकडं कांडी मागावी इतक्या साध्या आवाजात तो म्हणाला, “मग तूबी जाऊ नगंस.”

मी तोंड उघडलं. तात्यांनी रात्रीच सगळ्या गल्लीत पेढे वाटलेत असं म्हणालो. खोली मिळतेय असं म्हणालो. दोघांनी राहून काय फायदा, एकाचं तरी होऊ दे, असं म्हणालो. आणखी पुष्कळ काय काय म्हणालो. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मान हलवली, तुटलेला धागा जोडला आणि माग सुरू केला. चारही माग खडखडायला लागले. मी ओरडून सांगत होतो, शिवाण्णा, तुझ्यासाठीच केलं रे, तुझ्यासाठीच. माझं मलाच ऐकू येईना.

सोमवारी सकाळच्या गाडीनं मी मुंबईला गेलो.